संगणक अडतो तेव्हा



आज ज्या विषयावर मी आपणांपुढे बोलणार आहे, तो विषय खरे पाहता माझा नव्हे. मी मराठीचा एम. ए. बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या एका महाविद्यालयात मुलांना मराठी शिकवतो. विजेच्या उपकरणांशी माझा संबंध घरातला पंखा बंद पडला की वायरमनला बोलावण्यापुरता. असे असूनही मी आज संगणकाच्या हार्ड डिस्कविषयी, आणि ती मध्येच अडून बसली म्हणजे काय करावे याविषयी बोलणार आहे. त्याला कारण आमच्या मराठी विभागातला एक संगणक आणि त्यात साठवलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या ओव्या.

जात्यावरच्या ओव्यांचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे काम पुण्याकडे झाले, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज ‘पारी’ या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या वाचायला आणि ऐकायला मिळतात. ते काम पाहून आम्हालाही हुरूप आला. आमची मुले मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या भागांतली. सुटीत घरी गेले की आजीला, चुलत आजीला बसवायचे आणि तिच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून आणायच्या, असा परिपाठ आम्ही 2009 पासून ठेवला. दहा वर्षे हे चालले. सगळे ध्वनिमुद्रण विभागातल्या संगणकाच्या दुसऱ्या डिस्कवर जमा होत गेले. दुसरी प्रत नव्हती. हे सांगताना आजही लाज वाटते; पण नव्हती.

2019 च्या मे महिन्यात संगणक अडू लागला. अडू लागला म्हणजे बंद पडला नाही. ध्वनिफीत उघडावी, दोन मिनिटे ऐकावी, आणि एकाएकी आवाज थांबावा. उंदीर, म्हणजे माउसचा बाण, पडद्यावर फिरतो आहे. पण कशावर टिचकी मारली तरी काही उघडत नाही. डब्याच्या तोंडावरचा लहानसा दिवा, जो एरवी लुकलुकतो, तो सारखा पेटलेला. अर्ध्या-एक मिनिटाने जणू काही घडलेच नाही अशा थाटात सगळे पुन्हा सुरू. पहिल्या आठवड्यात हे दिवसातून एकदा होई. तिसऱ्या आठवड्यात तासातून चारदा होऊ लागले.

आपल्याकडे अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. आमच्या कार्यालयातले एक गृहस्थ म्हणाले, व्हायरस. दुसरे म्हणाले, ऊन फार आहे, दुपारी लावू नका. शहरातल्या एका दुकानात मी डबा घेऊन गेलो, तर तिथल्या तरुणाने तो उघडलाही नाही. “डिस्क गेली. फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा.” फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे, एवढे मला कळत होते. मी डबा उचलला आणि एस. टी.ने परत आलो.

शेवटी खामगावला एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. हा मुलगा बी. ए.ला मराठीत जेमतेम पास झाला होता. ‘ओवी आणि अभंग यांतील फरक’ या प्रश्नाला त्याने पेपरात जे उत्तर लिहिले होते ते मी अजून विसरलेलो नाही. आता तो संगणकदुरुस्ती करतो. रविवारी घाट चढून आला, डब्यापुढे मांडी घालून बसला आणि म्हणाला, “सर, डिस्कले कायले दोष देता? आधी मशीनले विचारू का तुले काय झालं ते.”

मशीनला विचारायचे म्हणजे काय, हे समजण्यासाठी आत काय असते ते थोडे सांगितले पाहिजे.

हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या. टेबलावरच्या संगणकात त्या बहुधा मिनिटाला 7,200 वेळा, म्हणजे सेकंदाला 120 वेळा फिरतात, आणि वाचणारे टोक त्यांच्यावरून काही नॅनोमीटर अंतराने तरंगत जाते. माणसाचा केस सुमारे 80,000 नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना करावी. पहिली अशी डिस्क आय. बी. एम. कंपनीने 1956 मध्ये बाजारात आणली. तीत दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि एवढ्या धुडात जेमतेम 50 लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाइलमधली दोन छायाचित्रे तीत कशीबशी बसली असती. मौज अशी, की ती तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख रेनॉल्ड जॉन्सन हे मूळचे शाळामास्तर; मुलांच्या उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र बनवून ते त्या कंपनीत गेले. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापुढे बसलो की मला त्यांची आठवण होते.

ही झाली डिस्क. पण तिच्यातला मजकूर संगणकाच्या मुख्य पाटीपर्यंत यायला वाट लागते. त्या वाटेला संगणकाच्या भाषेत ‘बस’ असेच म्हणतात, आणि आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला तो शब्द चटकन समजावा. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरताना राजूरचा घाट लागतो. त्या घाटात एखादा ट्रक आडवा झाला, की वरच्या गाड्या वर आणि खालच्या खाली. आपण बुलढाण्याच्या स्टँडवर उभे असतो. आपल्याला एवढेच दिसते की मलकापूरची गाडी आलेली नाही. गाडी बिघडली, ड्रायव्हर आला नाही, की घाट बंद आहे, हे स्टँडवर उभे राहून कळत नाही. अडलेल्या संगणकापुढे बसलेल्या माणसाची गत हीच असते. डिस्क मेली तरी पडदा थिजतो, आणि डिस्क धडधाकट असून वाट बंद झाली तरी पडदा तसाच थिजतो.

जुन्या संगणकांत तर दोन उपकरणे एकाच चपट्या, राखाडी पट्टीवर बसवलेली असत. एक ‘मास्टर’, दुसरे ‘स्लेव्ह’. त्या काळी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एखाद्या मुलाने चरे पडलेली सी. डी. घातली की अख्खा संगणक ठप्प होई. सी. डी. वाचणारे यंत्र त्या चऱ्यावर झटत बसे आणि तेवढा वेळ त्याच पट्टीवरच्या हार्ड डिस्कला वाट मिळत नसे. मुलगा सी. डी.ला हात लावायचा आणि शिव्या डिस्कला बसायच्या. त्याहून वेगळा ‘स्कझी’ नावाचा प्रकार छापखान्यांतल्या मॅकिंटॉशवर आणि मोठ्या सर्व्हरवर असे. त्यात उपकरणांची माळ लागे आणि माळेच्या दोन्ही टोकांना एकेक बूच बसवावे लागे. ते बूच विसरले, तर विहिरीत मारलेली हाक जशी उलट कानावर येते तसा संकेत तारेच्या टोकावर आपटून मागे फिरे आणि सगळी माळ गोंधळून जाई. 2003 नंतर ‘साटा’ आला, तेव्हापासून प्रत्येक डिस्कला स्वतःची बारीक वायर असते. एकाने दुसऱ्याची वाट अडवण्याचा प्रकार त्यामुळे पुष्कळ कमी झाला; पण वायर म्हणजे वायर, तिचे टोक सैल व्हायचे ते होतेच.

आता मशीनला विचारण्याविषयी. माझ्या विद्यार्थ्याने आधी कॅप्स लॉकची कळ दाबून पाहिली. संगणक अडलेला असताना त्या कळीचा दिवा पेटतो-विझतो आहे, म्हणजे यंत्र जिवंत आहे आणि कशाची तरी वाट पाहते आहे. दिवाही हलत नसता तर अडचण अधिक खोल आहे असे समजून दुसरीकडे शोध घ्यावा लागला असता. मग त्याने विंडोजमधली ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची नोंदवही उघडली. ही नोंदवही प्रत्येक संगणकात असते आणि बहुतेकांनी ती जन्मात उघडलेली नसते. तीत ‘सिस्टिम’ या भागात तारीख-वार, वेळेसह सगळे लिहिलेले होते. 129 क्रमांकाच्या नोंदींची रांगच लागली होती. या क्रमांकाचा अर्थ असा : डिस्ककडे काही मागितले, ठरलेल्या वेळात उत्तर आले नाही, म्हणून त्या उपकरणाला पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला सांगितले. आम्हाला जो अर्ध्या-एक मिनिटाचा थांबा दिसत होता तो हाच. अधूनमधून 7 क्रमांकाची नोंदही होती. तिचा अर्थ डिस्कवरचा एखादा खण वाचता येत नाही असा. पण ती क्वचित. 129 मात्र ढीगभर.

दुसरी साक्ष खुद्द डिस्कची. डिस्क आपल्या प्रकृतीचे टिपण स्वतःच ठेवत असते. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम ते टिपण दाखवतो. त्यात पुष्कळ आकडे असतात. पण आपल्यासारख्यांनी तीनच पाहावेत. ‘05’ या ओळीत, खराब ठरवून बदललेले खण किती, ते असते. ‘सी-5’ या ओळीत, संशयित म्हणून बाजूला ठेवलेले किती. आणि ‘सी-7’ या ओळीत, वाटेत मजकूर किती वेळा बिघडून पोचला त्याची मोजणी. पहिले दोन आकडे तबकडीविषयी बोलतात, तिसरा वायरीविषयी. आमच्या डिस्कचा तिसरा आकडा हजारोंच्या घरात होता. विद्यार्थी हसला. “पाहा सर. आधी वायर.”

त्याने संगणक बंद केला, भिंतीतून पिन काढली आणि डबा उघडला. वायर डब्याच्या पत्र्याला टेकून काटकोनात दुमडलेली. टोकाला धरून ठेवणारी धातूची चाप नव्हती. बोट लावले तर टोक डुलत होते. त्याने खिशातून चापवाली नवी वायर काढली आणि तेवढी बदलली. मी म्हटले, आता आलाच आहेस तर वीजपुरवठ्याचा डबा, रॅम, सगळे बदलून टाक बाबा, पुन्हा कटकट नको. त्याने साफ नकार दिला. सगळे एकदम बदलले आणि दोष गेला, तर तो कशाने गेला ते कळणार कसे? आणि नाही गेला, तर नव्या सामानात नवा दोष आला नाही कशावरून? एका वेळी एकच वस्तू बदलायची, नोंदवही पाहायची, मग पुढची. वायरीने भागले नाही तर मुख्य पाटीवरची दुसरी खाच. मग विजेचे टोक. मग वीजपुरवठ्याचा डबा. आणि अगदी शेवटी डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून पाहायची. मराठीत जेमतेम पास झालेला मुलगा हे बोलत होता. संशोधनपद्धतीच्या तासाला हीच गोष्ट मला इतकी नेटकी सांगता आलेली नाही.

वायर बदलल्यावर ‘सी-7’चा आकडा जिथल्या तिथे थांबला. तो खाली येत नाही, हे ध्यानात ठेवावे. तो आयुष्यभराची बेरीज आहे, वाढायचा थांबला म्हणजे झाले. तासातून चारदा अडणारा संगणक दिवसभर चालला. मी चहा मागवला.

इथे ही कथा संपली असती तर मी आज आपणांपुढे आलो नसतो. संध्याकाळी एका विशिष्ट ध्वनिफितीवर संगणक पुन्हा अडला. बंद करून सुरू केला. त्याच फितीवर, त्याच जागी अडला. या वेळी नोंदवहीत 7 क्रमांक होता, आणि टिपणात ‘सी-5’पुढे शून्य नव्हते. म्हणजे घाटही बंद होता आणि गाडीही बिघडलेली होती. सैल वायरीच्या गोंगाटाआड डिस्कचे खरे दुखणे लपून राहिले होते. डिस्क सात वर्षांची झाली होती. तिला एक खण वाचता येत नव्हता आणि ती हट्टी बैलासारखी त्याच जागी पुन्हापुन्हा जोर लावत होती. घरगुती डिस्का असा जोर कितीतरी सेकंद लावत राहतात आणि तेवढा वेळ दुसरे काही ऐकत नाहीत.

मी म्हटले, विंडोजमध्ये डिस्क दुरुस्त करण्याची एक आज्ञा आहे असे ऐकतो, ती देऊन पाहू. आपणांपैकी ज्यांनी हे नाव ऐकले असेल त्यांच्यासाठी सांगतो : ‘चेकडिस्क’. निरोगी डिस्कवरची किरकोळ विस्कळ आवरायला ती चांगली. पण मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर ती चालवणे म्हणजे धाप लागलेल्या माणसाला राजूरचा घाट पळत चढायला लावणे. ती आज्ञा सगळी तबकडी चाळते, आणि वर त्याच तबकडीवर लिहितेही. ज्या डिस्कवरचा ऐवज हवा आहे तिच्यावर काहीही लिहायचे नसते. आधी ऐवज बाहेर काढायचा. डिस्कचे काय करायचे ते नंतर.

त्यासाठी त्याने पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले आणि ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा प्रोग्राम लावला. हाही फुकटच मिळतो. नेहमीची नक्कल करताना संगणक पहिल्या खराब खणाशी अडतो आणि तिथेच बसतो. हा प्रोग्राम शहाण्या परीक्षार्थीसारखा आधी सोपे प्रश्न सोडवतो. वाचता येईल तेवढे सगळे नव्या डिस्कवर उतरवतो, अडेल ती जागा सोडून पुढे जातो, आणि कुठे काय सोडले त्याचा नकाशा एका फायलीत टिपून ठेवतो. सोपे संपल्यावर सोडलेल्या जागांकडे परत येतो आणि त्या कडेकडेने कुरतडत लहान करतो. डिस्क 500 जीबीची होती. निरोगी असती तर नक्कल दोन तासांत आटोपली असती. आम्ही रात्र जागलो. सव्वादोनला वीज गेली. यू. पी. एस.ने दहा मिनिटे कळ काढली आणि तोही निमाला. माझ्या पोटात गोळा आला. पण नकाशा फायलीत होता. साडेतीनला वीज आली तेव्हा काम जिथे थांबले होते तिथूनच पुढे सुरू झाले.

एक इशारा मात्र इथेच दिला पाहिजे. डिस्कमधून टक्-टक् असा ठराविक तालाचा, किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल, तर हे काहीही करू नये. ते यांत्रिक दुखणे आहे. वीज तोडावी आणि ऐवज मोलाचा असेल तर धूळरहित खोलीत डिस्क उघडणाऱ्या तज्ज्ञांकडे जावे. खर्च बराच येतो. घरी झाकण उघडू नये. धुळीचा जो कण आपल्याला दिसतही नाही तो त्या टोकापुढे धोंड्याएवढा असतो.

सकाळी साडेसातला हिशेब लागला. नऊ खण वाचता आले नाहीत. खण 4,096 बाइटचा. नऊचे झाले 36,864 बाइट. आमच्या ध्वनिफिती ज्या प्रतीच्या होत्या तीत सेकंदाला 16,000 बाइट लागतात. म्हणजे दहा वर्षांच्या कामातून दोन-सव्वादोन सेकंद गेले. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा निकाल उत्तम होता, आणि तो उत्तमच होता, यात शंका नाही.

ते दोन सेकंद लोणार तालुक्यातल्या एका आजींच्या ओवीतले होते. माहेरी निघालेल्या बहिणीची ओवी. भावाचे नाव घेण्याच्या जागी आवाज तुटतो आणि पुढच्या चरणात पुन्हा लागतो. आजी 2016 मध्ये वारल्या. ज्या नातवाने ते ध्वनिमुद्रण केले होते त्याला घेऊन मी त्यांच्या घरी गेलो आणि फीत लावली. सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, दाराशी उभ्या राहिल्या. आवाज तुटला त्या जागी त्यांनी एक नाव म्हटले. अंगणातून आजींची धाकटी जाऊ म्हणाली, “व्हय माय, ते नाव नोहे. ते त थोरल्या भावाचं. इथं धाकल्याचं येते.” दोघींचा बराच वेळ वाद झाला. आम्ही दोन्ही नावे लिहून घेतली. ओवी छापू तेव्हा दोन्ही पाठ देऊ.

आता ओव्यांच्या तीन प्रती आहेत. एक विभागातल्या संगणकावर, एक कपाटातल्या बाहेरच्या डिस्कवर, आणि एक घाटाखाली, खामगावात त्या विद्यार्थ्याकडे. म्हणजे इकडे आग लागली वा चोरी झाली तरी तिकडची वाचेल. बाहेरच्या डिस्कसंबंधी एक सांगायचे राहिले. ती यू. एस. बी.च्या वायरीने जोडतात आणि तीही तशीच अडते. बहुधा डब्याच्या पुढच्या खाचेतून तिला पुरेशी वीज मिळत नाही, किंवा वायर लांब आणि हलकी असते. मागच्या बाजूची, थेट मुख्य पाटीवरची खाच वापरून पाहावी आणि आखूड वायर लावावी. नव्या पद्धतीच्या एस. एस. डी.त फिरणारी तबकडी नसते, त्यामुळे आवाज नाही, धक्क्याची भीतीही कमी. पण त्या कधीकधी एका क्षणी पूर्ण मुक्या होतात, आणि मग त्यांतून काही काढणे फिरत्या डिस्कपेक्षा अवघड जाते. तेव्हा त्यांच्या भरवशावर दुसरी प्रत टाळू नये.

वर्षातून दोनदा, दिवाळीच्या सुटीत आणि मे महिन्यात, मी तिन्ही प्रतींवरची एकेक फीत उघडून ऐकतो आणि ‘05’, ‘सी-5’, ‘सी-7’ हे आकडे तारीख घालून वहीत लिहितो. आपला संगणक या दिवसांत अडत असेल, तर आज रात्रीच एक वही घ्या. किती वाजता अडला, तेव्हा काय उघडले होते, डब्यावरचा दिवा पेटलेला होता की नाही, कानाला काही आवाज आला का, एवढे लिहा. मोलाचे जे आहे त्याची नक्कल दुसरीकडे करून घ्या. मग वीज तोडा, डबा उघडा, आणि आधी वायरीच्या टोकाला बोट लावून पाहा.